हत्ती जातो, शेपूट ग्रीनपाशी अडतं

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी चार वर्षं गोल्फ खेळते. हँडिकॅप २२, म्हणजे एका फेरीत पारपेक्षा (ठरलेल्या फटक्यांपेक्षा) साधारण बावीस फटके जास्त. ड्राइव्ह बरा बसतो, आयर्नही फार दगा देत नाहीत. पार-४ च्या होलवर बहुतेक वेळा दुसऱ्या, नाहीतर तिसऱ्या फटक्याला मी ग्रीनपासून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापासून, आठ-दहा पावलांवर असते. आणि तिथून पुढे चार फटके! एक चिप (ग्रीनबाहेरून मारायचा छोटा फटका) मातीत रुतते, चेंडू हातभर सरकतो. पुढची सपाट सुटते ती ग्रीन ओलांडून थेट पलीकडच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात. आमच्या चौकडीतले बाकीचे तिघं एका सुरात ओरडतात, "डोकं वर काढलंस!"

व्हिडिओ पाहून पाहून डोकं फिरलं आहे. एक सांगतो मनगटं घट्ट ठेवा, दुसरा म्हणतो मोकळी सोडा. एक म्हणतो हात पुढे हवेत, दुसरा म्हणतो हात पुढे नेलेत की क्लब रुतलाच. गेल्या महिन्यात ६० अंशांची नवी वेज (खूप तिरप्या तोंडाचा क्लब) घेतली, तर प्रकरण आणखी बिघडलं. आता वेज हातात घेतली की तळहाताला घाम सुटतो. तीन आठवड्यांनी स्पर्धा आहे. डोकं खाली ठेवायचा एखादा खात्रीचा उपाय सांगाल का?

– ग्रीनपाशी अडलेली

उत्तर

नमस्कार,

आधी तुमच्या चौकडीला माझा निरोप द्या की आता ओरडू नका. चिप फसली तेव्हा डोकं वर आलेलं दिसतं, हे खरं आहे. पण ते वर का आलं, हे त्या तिघांपैकी कुणी विचारत नाही. चेंडू उचलून अलगद ग्रीनवर ठेवायचा, असं मनाने ठरवलं की शरीर ते इमानदारीत करायला जातं. वजन मागच्या पायावर जातं, उजवा खांदा खाली झुकतो, मनगटं चेंडूखाली शिरून त्याला उकरून काढायला बघतात आणि छाती आकाशाकडे वळते. छाती निघाली की डोकं कसं थांबणार? ते तिच्या मागून येतं. तुम्ही नुसतं डोकं दाबून धरलंत तर उचलण्याची ओढ आहे तिथेच राहते आणि वर मान आखडते. मी स्वतः दोन वर्षं हनुवटी छातीला चिकटवून चिप मारल्या आहेत. स्कोअर जराही सुधारला नाही. फिजिओथेरपिस्टशी ओळख मात्र चांगली झाली.

म्हणजे डोक्याचा उपाय बाजूला ठेवू. तुमच्या पत्रात कामाची गोष्ट दुसरीच आहे. एक चिप रुतते आणि पुढची सपाट सुटते, असं तुम्ही लिहिलंय. या तुम्हाला दोन वेगळ्या चुका वाटतात, म्हणून तुम्ही एकीवर उपाय करता आणि दुसरीत पडता. प्रत्यक्षात चूक एकच आहे.

झोपाळा डोळ्यांसमोर आणा. तो जमिनीच्या सगळ्यात जवळ कुठे येतो? वरच्या कड्यांच्या बरोबर खाली. चिपमध्ये क्लबचं डोकं असंच खाली येतं, एका जागी सगळ्यात खाली पोचतं आणि पुन्हा वर निघतं. तुमच्या झोपाळ्याच्या कड्या म्हणजे तुमची छाती आणि डावा खांदा. (तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरतो. डावखुऱ्या वाचकांनी सगळं आरशात वाचावं.) वजन उजव्या पायावर गेलं की कड्याच मागे सरकल्या, आणि त्यांच्याबरोबर तळाची जागाही चेंडूच्या चार बोटं मागे गेली. आता पुढे दोनच गोष्टी होऊ शकतात. क्लब पुरेसा खाली असेल तर चेंडूच्या आधी जमीन लागते आणि चेंडू हातभर सरकतो. ही तुमची रुतलेली चिप. क्लब जमिनीला चाटून उसळला किंवा जमिनीला लागलाच नाही, तर चेंडूपाशी पोचेपर्यंत तो वर निघालेला असतो आणि पुढची धार चेंडूच्या पोटात बसते. चेंडूचा व्यास असतो ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटरवर. धार तेवढी वर आली की क्लबवर ४६ अंश लिहिलेलं असो की ६०, काही उपयोग नाही. त्या लॉफ्टचा, म्हणजे तोंडाच्या तिरपेपणाचा, चेंडूशी संबंधच येत नाही. पलीकडचा बंकर वाट बघत असतोच.

यावर मन जे करतं ते तर आणखी वाईट. एक चिप रुतली की पुढच्या वेळी हात नकळत आखडून वर ओढले जातात, म्हणून चेंडू सपाट सुटतो. सपाट सुटला की त्याच्या पुढच्या वेळी "खाली जा, खाली जा" म्हणत आपण माती खणतो. तळाची जागा मात्र दोन्ही वेळा मागेच असते.

मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, बघून घ्या. सरावाच्या जागी गवतावर एक सरळ रेघ आखा. खडूने आखा किंवा दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) दोन बाजूंना खोचून मधली रेघ मनात धरा. रेघेवर चेंडू आहे असं समजून उभ्या राहा आणि चेंडूशिवाय दहा चिप मारा. प्रत्येक वेळी एक पाऊल बाजूला सरका, म्हणजे आधीच्या खुणेत गल्लत होणार नाही. मग वाकून बघा. जिथे क्लब घासला तिथलं गवत एका दिशेने लवलेलं असतं, थोडं काळपट दिसतं, दव असेल तर पट्टा अगदी स्वच्छ उमटतो. तो पट्टा रेघेवर किंवा तिच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला हवा. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्यांच्या दहापैकी सात-आठ खुणा रेघेच्या मागे असतात आणि त्या बघून माणूस एकदम गप्प होतो. चेंडू नसताना ही अवस्था, तर चेंडू समोर असताना काय होत असेल!

आता उभं कसं राहायचं. पाय जवळ घ्या, दोन टाचांमध्ये एका क्लबहेडएवढं अंतर पुरे. चिपला ताकद लागत नाही, म्हणून रुंद पायही लागत नाहीत. रुंद पाय ठेवले की वजनाला मागे पळायला जागा मिळते. डावा पाय थोडा लक्ष्याकडे उघडा. शंभरातलं साठ-पासष्ट टक्के वजन डाव्या पायावर द्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहू द्या. चेंडू पायांच्या मधोमध किंवा अगदी किंचित मागे. शर्टाची बटणं चेंडूच्या जराशी पुढे. हात डाव्या मांडीच्या आतल्या बाजूसमोर आणि त्याहून पुढे नाही. क्लब खाली धरा, ग्रिपच्या निम्म्यावर बोटं आली तरी चालतील. मग खांदे आणि छाती वळवून क्लब मागे न्या आणि छातीच वळवून पुढे आणा. फटका संपला की छातीने लक्ष्याकडे बघायला हवं. बहुतेकांची छाती चेंडूपाशीच थांबते, हात एकटे पुढे जातात आणि ते एकटे गेले की मनगटं उलटतात.

हे अंगात मुरवायला एक साधी युक्ती आहे. उजव्या पायाची टाच उचला, बूट नुसत्या बोटांवर टेकवा आणि तसेच वीस-तीस चेंडू मारा. मागे झुकायला पायच उरत नाही. दुसरी युक्ती टॉवेलची. घडी घालून तो चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर ठेवा. क्लब टॉवेलला लागला तर तुम्ही अजून उकरताय. बक्षीस म्हणून टॉवेल दर वेळी पुन्हा नीट घडी घालून ठेवायचा. चार वेळा वाकल्यावर शरीर आपोआप शहाणं होतं.

व्हिडिओंनी जो घोळ घातलाय तो आता सुटेल. हात पुढे म्हणणारा आणि हात पुढे नको म्हणणारा, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ते एकाच फटक्याबद्दल बोलत नाहीत, एवढंच. पहिला ८ किंवा ९ आयर्नने घरंगळत जाणारी खालची चिप शिकवतोय. तिथे हात थोडे पुढे आणि मनगटं शांत हवीत. दुसरा वेजचा तळ गवतावरून घसरवत मऊ, उंच चेंडू टाकायला शिकवतोय. तिथे शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, जवळजवळ उभा आणि मनगटं सैल हवीत. तुम्ही पहिल्याचे हात आणि दुसऱ्याची मनगटं घेतलीत. एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय! स्पर्धा होईपर्यंत दुसऱ्या प्रकाराला हात लावू नका. व्हिडिओही बंद.

इथवर झालं ते फटक्याचं. माझ्या मते चिपमधला मोठा भाग फटका मारण्याच्या आधीच उरकलेला असतो आणि त्यात तुम्ही सध्या काहीच करत नाही, असं पत्रावरून वाटतं. तुम्ही बघता होलकडे. बघायला हवं टप्प्याकडे. चेंडू पहिल्यांदा कुठे पडणार ती जागा नक्की करायची, तिथपर्यंतच मारायचं आणि पुढचं काम ग्रीनला करू द्यायचं. टप्पा शक्यतो ग्रीनच्या आत, काठापासून पाऊल-दीड पाऊल पुढे, सपाट जागी. का? तर ग्रीनचं गवत एकसारखं कापलेलं असतं, तिथली उसळी सांगता येते. बाहेरच्या गवतात चेंडू एकदा फसतो, एकदा उडतो.

टप्पा ठरला की मग क्लब. इथे जुन्या खेळाडूंचा १२ चा हिशोब उपयोगी पडतो. मध्यम वेगाच्या सपाट ग्रीनवर १२ मधून क्लबचा आकडा वजा केला की चेंडू हवेत जेवढा जातो त्याच्या किती पट घरंगळेल ते कळतं. ७ आयर्नला पाच पट, ८ ला चार, ९ ला तीन. पिचिंग वेजला १० धरा, म्हणजे दुप्पट. सँड वेजला ११, म्हणजे जेवढं हवेत तेवढंच जमिनीवर. समजा चेंडू ग्रीनच्या काठापासून दोन पावलं बाहेर आहे आणि होल चेंडूपासून बारा पावलांवर. टप्पा काठाच्या एक पाऊल आत. म्हणजे हवेत तीन, जमिनीवर नऊ. नऊ म्हणजे तिनाच्या तिप्पट, म्हणून ९ आयर्न. होल त्याच रेषेत सात पावलांवर असतं तर हवेत तीन, जमिनीवर चार. मग सँड वेज. चढावर एक आकडा खालचा क्लब घ्या, उतारावर एक वरचा. ग्रीन ओलं किंवा संथ असेल तरी खालचा.

या हिशोबाला शिलालेख समजू नका. हल्लीच्या कित्येक सेटमध्ये ९ आयर्नचा लॉफ्ट जुन्या ८ च्या जवळपास आणून ठेवलेला असतो, त्यामुळे आकड्यात एक-दोन पावलांचा फरक येणारच. एका संध्याकाळी बसा, म्हणजे उभ्या राहा, ग्रीनवर टॉवेल पसरा, तोच टप्पा धरून तीन क्लबांनी दहा-दहा चेंडू मारा आणि प्रत्येकाचं घरंगळणं पावलांनी मोजून वहीत लिहा. तो तुमचा स्वतःचा तक्ता. छापील तक्त्यापेक्षा तोच खरा.

टप्प्याचं महत्त्व बघायचं असेल तर १९८७ च्या मास्टर्समधला लॅरी माइझचा फटका बघा. (व्हिडिओ बंद म्हणालो, याला सूट आहे.) ऑगस्टाचं ११ वं होल, प्लेऑफ, समोर ग्रेग नॉर्मन. नॉर्मन ग्रीनच्या काठाशी, माइझ ग्रीनच्या उजवीकडे, होलपासून सुमारे १४० फुटांवर, आणि पलीकडच्या अंगाला पाणी. अशा ठिकाणी उंच चेंडू टाकून थांबवायचा मोह कुणालाही होईल. माइझने चेंडू जमिनीलगत ठेवून मारला, ग्रीनच्या अलीकडेच टप्पे खाऊ दिले आणि मग तो घरंगळत होलमध्ये गेला. त्याने काठाबाहेर टप्पा घेतला, मी तुम्हाला आत घ्यायला सांगतोय, असं म्हणाल. बरोबर. आत टाकला असता तर चेंडू पाण्याकडे पळाला असता, म्हणून त्याने बाहेरची जागा निवडली. जागा आधी, क्लब नंतर, फटका शेवटी. त्याचा क्रम तोच होता.

आता तुमची ६० अंशांची वेज. रागावू नका, पण जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं झालंय. लॉफ्ट जितका जास्त तितका तोच चेंडू तेवढाच लांब न्यायला स्विंग मोठा लागतो. स्विंग मोठा झाला की तळाची जागा चुकायला वावही मोठा. शिवाय चेंडू गवतावर उंच बसला असेल तर क्लब त्याच्या खालून निघून जातो आणि चेंडू जागच्या जागी टुणकन उडतो. तुमच्यासमोर बंकर आहे, होल काठाला चिकटलेलं आहे, टप्प्याला जागाच नाही, अशा वेळी ६० लागते. पण प्रामाणिकपणे आठवा, गेल्या दहा फेऱ्यांत अशी वेळ किती वेळा आली? विकू नका, कपाटात ठेवा. ग्रीनपाशी जाताना हातात ९ आयर्न, पिचिंग वेज आणि सँड वेज असू द्या, आणि पुटरही (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब) घ्या. काठाचं गवत बारीक कापलेलं असेल आणि चेंडू दोन-तीन पावलांवर असेल, तर पुटरने ढकलायला लाज वाटायचं काही कारण नाही. स्कोअरकार्डावर फटक्यांचा आकडा लिहितात, क्लबचं नाव लिहीत नाहीत.

वेजच्या तळाबद्दल दोन शब्द. वेज जमिनीवर ठेवून बाजूने बघा. तळाचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा खाली आलेला दिसेल. त्या कोनाला बाउन्स म्हणतात. जीन सॅराझेनने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या क्लबच्या तळाला शिसं डकवून हीच ठेवण साधली आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. आजची सँड वेज तिथून आली. बाउन्समुळे क्लब रुतत नाही, होडीच्या तळासारखा वरून सरकतो. पण हात फार पुढे ढकलले की शाफ्ट झुकतो, मागचा भाग वर उचलला जातो आणि नुसती धार जमिनीकडे राहते. मग ती फावड्यासारखी घुसते. हात मांडीच्या पुढे नकोत असं वर लिहिलं ते याचसाठी.

चेंडू नेहमी मऊ, छान गवतावर बसलेला मिळणार नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणेलही, पण चिपमध्ये अंगण खरोखरच वाकडं असतं. दोन जागांचं सांगतो. गवत उडालेल्या कडक जमिनीवर चेंडू असेल तर वेज घेऊच नका. ८ किंवा ९ आयर्न घ्या, चेंडूच्या जवळ उभ्या राहा, शाफ्ट पुटरसारखा उभा करा. तेवढ्याने क्लबची टाच जमिनीवरून उठेल आणि फक्त टोक टेकेल. पुटिंगची ग्रिप, पुटिंगचा फटका. तळाचा अगदी थोडा भाग जमिनीला लागतो म्हणून रुतण्याची भीती जवळजवळ संपते, आणि चेंडू टोकाकडून निघाल्यामुळे तो मेल्यासारखा हळू निघतो. छोट्या अंतराला तेच हवं असतं. माझा सगळ्यात आवडता फटका हा आहे. दिसायला मात्र अगदीच कसातरी.

दुसरी जागा रफ, म्हणजे वाढू दिलेलं दाट गवत. चेंडू गवतात बुडालेला असेल तर सँड वेज घ्या, तोंड जरा उघडा, डाव्या हाताची शेवटची तीन बोटं घट्ट करा, कारण गवत क्लबच्या मानेला वेढा घालतं आणि तोंड मिटवतं. क्लब जरा उभा उचला आणि गवतातून पार पुढे न्या. मध्ये थांबलात तर काय होतं ते तैवानच्या टी. सी. चेनला विचारा. १९८५ ची यू. एस. ओपन, शेवटचा दिवस, गडी चार फटक्यांनी पुढे. पाचव्या होलवर ग्रीनशेजारच्या दाट रफमधून चिप मारताना क्लब गवतात अडखळला, चेंडू सुस्तपणे वर उडाला आणि मागून आलेला क्लब त्याच चेंडूला हवेत दुसऱ्यांदा लागला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दंडाचा एक फटका. पार-४ वर ८. स्पर्धा त्याने एका फटक्याने गमावली, अँडी नॉर्थ जिंकला. त्याच स्पर्धेच्या पहिल्या दिवशी चेनने पार-५ दोन फटक्यांत संपवला होता, यू. एस. ओपनच्या इतिहासात पहिल्यांदाच. लांबचं सगळं साधलं आणि ग्रीनपाशी अडलं. ओळखीचं वाटतंय ना? २०१९ पासून नियम बदलला आहे, चुकून दोनदा लागला तर दंड नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांना तेवढाच दिलासा.

नियमांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पर्धेसाठी लक्षात ठेवा. फ्रिंज, म्हणजे ग्रीनच्या काठाचं गवत, हे ग्रीन नव्हे. चेंडू काठाच्या गवतावर असेल तर ग्रीनवर करतो तसा खूण करून, उचलून, पुसून ठेवता येत नाही. घाईत पुष्कळजण हे विसरतात.

राहिला तळहाताचा घाम. याला मी हसणार नाही. ३० जानेवारी २०१५ रोजी फिनिक्स ओपनच्या दुसऱ्या फेरीत टायगर वूड्सने ८२ मारले आणि तो कटमधून बाहेर पडला, म्हणजे पुढच्या फेऱ्यांना मुकला. त्या दिवसांत त्याच्या चिप अगदी तुमच्यासारख्याच जात होत्या, एक जमिनीत आणि एक ग्रीनपलीकडे. ज्याच्याइतका हळुवार हात क्वचितच कुणाचा असेल, त्याची ही गत. २०१९ मध्ये त्याच माणसाने मास्टर्स जिंकलं. घाम सुटतो याचा अर्थ तुम्हाला चिप जमणारच नाही असा होत नाही. बहुतेक वेळा भीती असते ती क्लब कुठे लागेल याची खात्री नसल्याची. गवतावरची खूण दहापैकी आठ वेळा रेघेपुढे पडायला लागली की घाम निम्मा होतो, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलंय.

तरीही मनगटं ऐन वेळी उलटतच असतील तर एक प्रयोग करून बघा. डावा हात खाली, उजवा वर, अशी उलटी ग्रिप धरून चिप मारा. डावं मनगट उलटायला जागाच राहत नाही. मॅथ्यू फिट्झपॅट्रिक अशाच ग्रिपने चिप मारतो आणि २०२२ ची यू. एस. ओपन त्याच्या नावावर आहे. लोक बघतील, दोन दिवस विचारतील, मग विसरतील.

तीन आठवड्यांचं गणित असं बसवा. पहिला आठवडा फक्त रेघ आणि टॉवेल, होलकडे बघायचंसुद्धा नाही. एकच क्लब, ९ आयर्न. दुसऱ्या आठवड्यात टप्पा आणि वही. तिसऱ्या आठवड्यात चेंडूंची बादली घरी ठेवा आणि एकच चेंडू घेऊन जा. बादलीभर चेंडू एकाच जागेवरून मारले की विसाव्या चेंडूपासून सगळं झकास जमतं, आणि मैदानावर तर पहिलाच चेंडू मारायचा असतो. हा धडा मला फार उशिरा मिळाला. म्हणून एकच चेंडू. ग्रीनभोवती कुठेही टाका, जिथे जसा बसेल तिथून चिप मारा, मग पुटर घेऊन होलमध्ये घाला. चिप आणि पुट मिळून दोन हा पार. नऊ ठिकाणांहून असा खेळ खेळा, पार १८. पहिल्या दिवशी २८ झाले तरी वहीत लिहा. २३ वर आलात तर स्पर्धेला निवांत जा.

स्पर्धेच्या दिवशी चेंडूपाशी पोचल्यावर काय करायचं ते थोडक्यात ठरवून ठेवा. टप्प्याची जागा बोटाने दाखवा, खरंच बोटाने, मनातल्या मनात नको. क्लब घ्या. चेंडूशेजारी दोन वेळा नुसता फिरवा आणि गवत घासल्याचा आवाज कानाने ऐका. आवाज बटणांच्या समोर आला की चेंडूपाशी सरका आणि तिसऱ्या वेळी तोच आवाज पुन्हा काढा. फटक्यानंतर चेंडू कुठे गेला ते बघायला हरकत नाही. डोकं वर आलं तरी चालेल. तोवर त्याचं काम झालेलं असतं.

पहिला आठवडा संपला की दोन ओळी लिहून कळवा, दहापैकी किती खुणा रेघेच्या पुढे पडल्या. स्कोअर नंतर सांगितलात तरी चालेल.